चिंचेने उजळलेली टोकने

हे नारायणा, या विश्वाचा आकाशपाळणा तूच फिरवतोस. कोणाला वर नेतोस, कोणाला खाली आणतोस, आणि ज्याचा पाळणा मध्येच कुठेतरी थांबून राहिला, त्याच्याही शेजारी तूच निवांत बसलेला असतोस. हे माते नर्मदे, तुझ्या पायरीवर उभ्या राहिलेल्याला तुझा गारवा कळो न कळो, तू त्याचे पाय धुणे थांबवीत नाहीस. तुम्हा उभयतांना आधी वंदन करावे, आणि मग जबलपूरच्या रांझी भागातल्या एका साध्या गृहस्थाचे नाव घ्यावे.

अच्युत मोरेश्वर परचुरे. वय वर्षे अडुसष्ट. संरक्षण खात्याच्या कारखान्यात एकतीस वर्षे मापन कक्षात नोकरी. बाहेर लोखंड कापले जाई, घासले जाई, भोके पाडली जात. आणि ते सगळे मापात उतरले की नाही, हे सांगण्यासाठी ज्या चार माणसांसमोर येई, त्यांतले एक अच्युतराव. त्यांच्यासमोर मापनाची यंत्रे असत, पण यंत्र लावण्याआधी ते कडेवरून बोट फिरवीत आणि म्हणत, परत पाठवा. मग यंत्र लावले जाई, आणि यंत्रही तेच म्हणे.

अशा या माणसाला देवाने एक छंद दिला होता, आणि तो असा दिला होता की सांगायला त्यांची त्यांनाच लाज वाटावी. अच्युतराव टोकने जमवीत. जत्रेतल्या आकाशपाळण्याची, मेरी-गो-राउंडची, एकमेकांवर आदळणाऱ्या मोटारींची, बागेतल्या छोट्या आगगाडीची, आणि एके काळी सदरच्या बाजारात गल्लोगल्ली उघडून तशाच मिटून गेलेल्या व्हिडिओ गेमच्या दुकानांची. पितळेचे, निकेलचे, अॅल्युमिनियमचे ते नाण्याएवढे तुकडे. कोणावर एक चांदणी, कोणावर एक घोडा, बहुतेकांवर काहीच नाही. यंत्रात टाकले की खेळ सुरू, खेळ संपला की त्यांची किंमत शून्य.

त्यांचा एक नेम होता. टोकन नुसते मागून घ्यायचे नाही. दोन घ्यायची, एकावर खेळायचे आणि दुसरे ठेवायचे. कारखान्याच्या कामासाठी कानपूरला गेले, कोलकात्याकडे गेले, पुण्याला गेले, की संध्याकाळी हा पन्नाशीचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून पोरांच्या रांगेत उभा राही, छोट्या मोटारीत गुडघे छातीशी घेऊन बसे आणि गंभीर चेहऱ्याने चार धक्के खाऊन बाहेर येई. त्यांची पत्नी पद्मजाबाई हे पाहून म्हणत, "लोक गावोगावी जाऊन देव पाहून येतात. आमचे हे घोड्यावर बसून येतात, आणि तोही लाकडाचा."

ठेवलेल्या टोकनाची पुडी बांधण्याची रीतही ठरलेली होती. घरात रोज एक पान फाडायचे कॅलेंडर असे. ज्या दिवशी टोकन मिळाले, त्याच तारखेच्या पानात ते गुंडाळायचे आणि पानाच्या मागे बारीक अक्षरात गाव, जत्रा आणि खेळ लिहायचा. औषधाच्या पुडीसारखी ती पुडी पत्र्याच्या डब्यात जाई. चारशेच्या वर पुड्या झाल्या. ज्या टोकनावर काहीच छापलेले नाही, त्याचे नाव, गाव, कूळ सगळे त्या कागदात. पुढे मॉल आले, खेळाला कार्डे आली, कार्ड यंत्राला दाखवले की यंत्र सुरू. टोकने बंद झाली. अच्युतरावांचे डबे तेवढे उरले.

आता ज्या काळाची ही कथा, त्या काळाकडे यावे.

अच्युतरावांना मधुमेह होताच. दोन वर्षांपूर्वी पायांपासून सुरुवात झाली. चप्पल पायातून निघून मागे राहिली तरी कळेना. श्रावणात नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेले, पायरी उतरून उभे राहिले. पाणी पोटरीपर्यंत चढलेले डोळ्यांना दिसत होते, आणि पायांना मात्र त्याची वार्ता नव्हती. मग ती बधिरता हातांत आली. डॉक्टरांनी तिचे नाव सांगितले, गोळ्या दिल्या, आणि गेलेले परत येईलच असे नाही, हेही सांगितले. ज्या बोटांच्या शब्दाला एकतीस वर्षे यंत्राने दुजोरा दिला, त्या बोटांना आता कापूस आणि वीट सारखीच. एकदा चहाचा स्टीलचा पेला हातात धरून बसले, आणि बोटांवरचे फोड पद्मजाबाईंनी पाहिले तेव्हा कुठे घरात कळले. त्या दिवसापासून त्यांनी दंडक घातला की गरम काहीही असो, आधी ओठाला टेकवून पाहायचे, मगच धरायचे.

बोटे गेली, आणि बोटांच्या मागोमाग आणखी काहीतरी गेले. जेवण पुढे आले की जेवत. कोणी बोलले की उत्तर देत. आरतीला उभे राहत, टाळ्या वाजवीत, पण टाळीचा आवाज ऐकू येई आणि टाळी लागत नसे. नातेवाईकांकडे लग्न झाले, शेजारी एक म्हातारे वारले, दोन्हीकडे ते सारख्याच चेहऱ्याने जाऊन आले. डबे त्यांनी उघडले नाहीत. दीड वर्ष नाही. उघडून करायचे काय? बोटाखाली घोडाही नाही आणि चांदणीही नाही.

अशात भाद्रपदात अनुपम तिवारी आले. हे शहरातल्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचे उत्साही गृहस्थ. दसऱ्यानंतरच्या रविवारी मंडळाचे प्रदर्शन होते, आणि यंदा एक पूर्ण टेबल अच्युतरावांच्या टोकनांना द्यायचे त्यांनी ठरवून टाकले होते. दादा, पूर्ण प्रदेशात असा संग्रह नाही, असे म्हणाले. अच्युतराव बरं म्हणाले. नाही म्हणायला जे बळ लागते, तेही त्यांच्यापाशी नव्हते.

हे बोलणे सून ऐकत होती. तिचे नाव दीप्ती. मुलगा प्रथमेश रेल्वेत, आणि ही शाळेत शिक्षिका. मराठी घरातली, पण जबलपुरात वाढलेली. मराठी बोलता बोलता हिंदीत जाई आणि तिथून परत येई. सासऱ्यांचा विझलेला चेहरा तिला रोज दिसत होता, आणि त्यावर काहीतरी करावे असे तिला रोज वाटत होते. प्रेम हे असेच असते सज्जनहो, ते विचारीत नाही, ते हात धुऊन कामाला लागते.

घट बसण्याच्या आदल्या दिवशी प्रथमेश आईवडिलांना घेऊन पायाच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेला. घरात दीप्ती एकटी. नवरात्रापूर्वी घरातले पितळ घासायचे, हा नेम तिने माहेरीही पाळलेला. तिने चिंच भिजत घातली, मीठ घेतले, नारळाची शेंडी घेतली. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, समई, घंटा, तांब्या, सगळे परातीत उतरवले. घासता घासता तिला डबे आठवले. तिने ते उघडले. आत पिवळे पडलेले कागद, आणि कागदांत काळवंडलेले पितळ. अशी मळकी टोकने बाबा लोकांपुढे कशी मांडणार? तिने पुड्या सोडल्या. परात भरली. एकेक टोकन चिंचेने चोळले, शेंडीने घासले, पाण्यातून काढले, मऊ धोतराच्या फडक्याने पुसले. तीन तास ती घासत होती. आणि नाण्यांसाठी मिळतात तशा पारदर्शक कप्प्यांच्या दोन वह्या तिने प्रदर्शनासाठी आधीच मागवून ठेवल्या होत्या, त्या कप्प्यांत तिने ती सगळी नेटकी बसवली. जुने कागद गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत घातले. दुपारी महापालिकेची कचरागाडी गाणे वाजवीत आली, आणि पिशवी घेऊन गेली.

संध्याकाळी तिघे परत आले. देव्हारा लखलखत होता. आणि टेबलावर, समईच्या शेजारी, त्या दोन वह्या उघडून ठेवलेल्या होत्या.

"बाबा, बघा ना," दीप्ती म्हणाली. "सगळे घासून दिले. कसे चमकून राहिले!"

अच्युतरावांनी पाहिले. पान उलटले. आणखी एक उलटले. बोटांना प्लास्टिक लागत नव्हते, म्हणून दोन पाने एकदम उलटली गेली. सगळी एकसारखी चकचकीत, सगळी एकसारखी नवी, चारशे अनोळखी चेहरे. त्यांनी विचारले, कागद कुठे आहेत?

तिने सांगितले.

पद्मजाबाईंच्या तोंडून फक्त "अगं" एवढेच निघाले, आणि त्या खाली बसल्या. त्या एका शब्दात दीप्तीला सगळे कळले. प्रथमेश गाडीच्या मागे जायला निघाला. गाडी जाऊन चार तास झाले होते. तरी तो गेला, कचरा उतरवायच्या जागेपर्यंत जाऊन आला आणि रिकाम्या हाताने दारात उभा राहिला.

अच्युतराव उठले. त्यांनी हातपाय धुतले, पोळी खाल्ली, गोळ्या घेतल्या. दीप्ती स्वयंपाकघरातून कानोसा घेत होती. ओरडतील म्हणून वाट पाहत होती. ते ओरडले असते तर ती रडली असती, आणि रडणे झाले की घर पुन्हा घर झाले असते. पण ते घडेना. दुसऱ्या दिवशी घट बसले, माळ चढली, आरती झाली. सासऱ्यांनी तिच्या हातून प्रसाद घेतला आणि नेहमीसारखे बरं म्हणाले. अनुपमजी येऊन गेले. त्यांनी वही पाहिली आणि कपाळावर हात मारला. जुन्या नाण्यावरचा काळपटपणा हाच त्याचा दाखला असतो, घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाहीत, हे त्यांनी दीप्तीच्या देखत सांगितले. मग तिचा चेहरा पाहून घाईघाईने विषय बदलला.

तिसऱ्या माळेच्या सकाळी तिला राहवले नाही. अच्युतराव खिडकीपाशी वही आणि भिंग घेऊन बसले होते. भिंगात चांदण्याच चांदण्या, आणि प्रत्येक चांदणीवर उन्हाची तिरीप. ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, रागवा तरी. तुम्ही असे गप्प काहून आहात? मला रात्री नींद नाही येत."

त्यांनी भिंग खाली ठेवले. आपल्या हातांकडे पाहिले.

"राग येऊनच नाही राहिला, दीप्ती," ते म्हणाले. "मी पण वाट पाहून राहिलो. पण काहीच येऊन नाही राहिलं. या बोटांसारखं झालं आहे सगळं. तू काही मनावर नको घेऊस."

हे ऐकून तिला जास्तच भरून आले, कारण रागाला उतारा असतो, याला कोणता? तिने चहा आणून ठेवला आणि पदराने डोळे पुसत दाराशी थांबली.

अच्युतरावांच्या डाव्या हाताशी पेला होता, उजव्या हातात कप्प्यातून काढलेले एक टोकन. मनात काहीच नव्हते. दंडकाप्रमाणे चहा ओठाला टेकवून पाहायचा म्हणून हात वर आला, आणि वर आला तो उजवा. पितळ खालच्या ओठाला लागले. चिंचेचा आंबूस वास आला. आणि कडेवरचे दाते ओठावरून गेले, एक, एक, एक, आणि एका जागी दात नव्हताच. तिथे धातूची काट्यासारखी बारीकशी कूस होती, साचा झिजला की राहते तशी.

ते थांबले. टोकन पुन्हा फिरवले. कूस पुन्हा त्याच जागी आली.

"शहपुरा," ते म्हणाले. "जत्रेतला पाळणा. साचा खराब होता त्याचा, मी त्या माणसाला सांगितलं पण होतं."

दीप्तीला काही कळले नाही. तिने विचारले, काय म्हणालात? त्यांनी तिला कागद आणि पेन आणायला सांगितले.

त्या दिवसापासून रोज सकाळी पूजा झाली की दोघे खिडकीपाशी बसू लागले. अच्युतराव एकेक टोकन घेत, डोळे मिटत, ओठाशी नेत आणि हळूहळू फिरवीत. कडेचे दाते, मधल्या भोकाची धार, घोड्याच्या पाठीचा उंचवटा. बोटांना जे एकतीस वर्षे शिकवले, त्यातले किती ओठांच्या कानावर गेले होते, कोण जाणे. हजारो पोरांच्या घामाच्या हातांतून फिरलेले ते पितळ घासलेले नसते, तर कोणी तोंडाजवळ नेले नसते, आणि पद्मजाबाईंनी तर नेऊच दिले नसते. आता त्या येता जाता पाहत आणि म्हणत, "आता याचा पण नैवेद्य दाखवा, म्हणजे झालं." मग तिथेच रेंगाळत.

कधी अच्युतराव गाव सांगत. भेडाघाटची कार्तिकी पौर्णिमेची जत्रा. कानपूरच्या बागेतली आगगाडी. सदरमधले ते दुकान, जिथे पंखा नव्हता. आणि गाव सांगितले की पाठोपाठ एखादे वाक्य येई, सपाट आवाजात, जणू दुसऱ्या कोणाचे: तिथे पाऊस आला होता, तिथे माझ्या शेजारच्या मोटारीत एक बाई हसत होती. दीप्ती लिहून घेई. आणि पुष्कळदा ते टोकन दोनदा, तीनदा फिरवून खाली ठेवीत आणि म्हणत, नाही. नाहीचा ढीग गावांच्या ढिगाहून मोठा होऊ लागला. असे समजू नये की ओठांनी बोटांची जागा घेतली आणि सगळे पूर्ववत झाले. देव देतो तेव्हा ओंजळीच्या मापाने देतो. प्रत्येक नाहीला दीप्तीचा जीव तुटे, कारण ते नाही तिच्या हातचे होते.

सातव्या माळेला तिने धीर करून विचारले, की बाबा, या सगळ्यांना काहीतरी नाव देऊन टाकले तर? अनुपमजीही फोनवर तेच म्हणाले होते, "दादा, कुछ भी लिख दीजिए, वहाँ कौन जाँचने बैठा है?"

अच्युतराव म्हणाले, "मापात आहे की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने शिक्का मारू नये. एवढी एकच गोष्ट आयुष्यभर केली मी. ती पण घासून टाकू काय?"

बोलून गेल्यावर शब्द खोलीत राहिला. घासून. दीप्तीची मान खाली गेली. पहिल्यांदाच काहीतरी टोचणारे त्यांच्या तोंडून निघाले होते. आणि तिला, त्या दुखण्यातही, बरे वाटले, कारण टोचायला निदान टोक लागते. अच्युतरावांनीही ते ऐकले. त्यांनी पुढचे टोकन उचलले, पण ओठाशी नेले नाही. ते तसेच हातात धरून बसले.

दसरा झाला. शनिवारी अनुपमजी टेबलाची मापे आणि एक छापील तक्ता घेऊन आले. प्रदर्शनात नियम असा की संग्राहकाने वस्तूची स्थिती लिहायची, आणि वस्तू साफ केलेली असेल तर कोणी, कशाने, का, हेही प्रामाणिकपणे लिहायचे. तो तक्ता टेबलावर सर्वांना दिसेल असा लावायचा. अनुपमजींनी हळू आवाजात सुचवले की एखाद्या जुन्या विक्रेत्याकडून अशीच घासलेली मिळाली, असे लिहिता येईल. घरचे घरात राहील.

दीप्ती पाण्याचे पेले घेऊन आली होती. ती जागच्या जागी उभी राहिली. मंडळाचे लोक, त्यांच्या बायका, तिच्या शाळेतले दोघे तिघे, सगळे रविवारी तिथे येणार होते. सासऱ्यांना खोटे लिहिता येत नाही, हे तिला आता पुरते ठाऊक होते. आणि खरे लिहिले, तर त्या तक्त्यावर तिचे नाव येणार होते.

अच्युतरावांनी पेन मागितले. पेन बोटांत बसल्याचे कळत नसल्याने ते मुठीत आवळून धरावे लागे. एकेक अक्षर वेडेवाकडे, पण स्पष्ट उमटत होते. त्यांनी हिंदीत नाही, मराठीत लिहिले. एकेक ओळ लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी तक्ता अनुपमजींना न देता दीप्तीकडे केला.

"वाच. चूक असेल तर सांग."

तिने वाचले. *ही टोकने आमच्या घरी नवरात्रापूर्वी, देवांबरोबर, चिंचेने घासण्यात आली. ज्यांची गावे आठवली ती लिहिली आहेत. बाकीच्यांची ठाऊक नाहीत. संग्राहक: अच्युत परचुरे आणि दीप्ती परचुरे.*

तिने ते दोनदा वाचले. पेले ठेवायला जागा शोधू लागली आणि तिला टेबल सापडेना. पद्मजाबाईंनी ते तिच्या हातून काढून घेतले. अनुपमजींना मराठी अर्धीच कळत होती. त्यांनी विचारले, क्या लिखा है? प्रथमेशने वाचून सांगितले. ते म्हणाले, बरोबर आहे, असेच राहू द्या.

"चूक आहे का?" अच्युतरावांनी पुन्हा विचारले.

"नाही, बाबा," ती म्हणाली.

"चलो, मग ठीक आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हाही फारसे काही हलले नाही. डोळे भरले नाहीत, बोटांना पेन लागले नाही. छातीत कुठेतरी काही उघडले असेल तर ते त्यांना कळले नाही, आणि ज्याला कळले नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने सांगू नये. ते एवढेच म्हणाले की नाहीच्या ढिगातली टोकनेही टेबलावर मांडायची, मागे नाही, पुढच्या ओळीत. आणि उद्या जो कोणी एखादे ओळखेल, त्याचे नाव दीप्तीने लिहून घ्यावे. मग त्यांनी डोळे मिटले आणि एक टोकन ओठाशी नेले.

हे कृपाळू नारायणा, हे नर्मदामाई, या गृहस्थाच्या बोटांत तुम्हाला वाटेल तेव्हा परत या, आणि न आलात तरी त्याच्या ओठांवर असेच राहा. पद्मजाबाईंच्या चुलीला आणि चेष्टेला खंड पडू नये. प्रथमेशच्या पायांना परतीची वाट नेहमी सापडावी. जिने प्रेमाने घासले आणि घासून ठेवले, त्या दीप्तीच्या हातांना यश यावे, आणि तिला शांत झोप लागावी. अच्युत परचुऱ्यांच्या घरात समई तेवत राहो, घासलेले पितळ लखलखत राहो, आणि ज्यांची नावे कोणाला आठवत नाहीत, त्यांनाही या घरी पुढच्या ओळीत जागा मिळत राहो. शुभं भवतु.